नगर ते नागपूर गाडीने: आधी परतीचा दिवस ठरवा

(हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत. सगळे निघाले असतील असं नाही.)

आजचा एपिसोड एका मेसेजमुळे होतोय. आपला एक लिसनर आहे, नगरच्या सावेडीतला. नगर म्हणजे कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं, तेवढं सांभाळून घ्या. तर त्याचा मेसेज असा: "दादा, आम्ही चौघं मित्र. माझी हॅचबॅक. शुक्रवारी पहाटे निघून नागपूर, जमलं तर लोणार, आणि सोमवारी सकाळी पुण्यात ऑफिस. समृद्धी झाल्यामुळे सहा-सात तासांत पोचतो म्हणतात. गाडी मी एकटाच चालवणार, बाकीच्यांना येत नाही. रूट सांग आणि कुठं काय खायचं ते सांग."

रूट सांगतो, खाण्याचंही सांगतो. पण या मेसेजमधली सगळ्यात महत्त्वाची माहिती रूटची नाहीये. ती दोन वाक्यांत आहे: "गाडी मी एकटाच चालवणार" आणि "सोमवारी सकाळी ऑफिस". आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, अख्खी सिस्टीम एका सर्व्हरवर चालू आहे, बॅकअप नाही, आणि डेडलाइन हलत नाही. अशी सिस्टीम कुणी प्रॉडक्शनला टाकली तर आपण त्याला वेड्यात काढू. ट्रिपला मात्र आपण बिनधास्त निघतो.

[०२:१०] आधी रूट

नगरहून नागपूरला समृद्धीवर चढायचे दोन सरळ पर्याय आहेत.

पहिला शिर्डीकडून. नगर, राहुरी, शिर्डी आणि मग कोपरगाव तालुक्यातल्या कोकमठाणला इंटरचेंज. तिथून नागपूरपर्यंत ५२० किलोमीटर निव्वळ समृद्धी. हाच तो टप्पा जो ११ डिसेंबर २०२२ ला सगळ्यात आधी सुरू झाला. पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता, म्हणजे पार ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत, ५ जून २०२५ ला खुला झाला. माझं गाव कोपरगाव तालुक्यात, त्यामुळे हा रूट सुचवायला मला आवडलं असतं. पण नगरहून कोकमठाणपर्यंत जायचं म्हणजे नगर-मनमाड रस्ता. त्याबद्दल नगरकरांना मी काय सांगणार! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर आंदोलनं झालीत आणि कामं वर्षानुवर्षं चालू आहेत. शिवाय अंतर जास्त. नगर ते कोकमठाण पंचाण्णवच्या आसपास आणि पुढे ५२०, म्हणजे सहाशेच्या वर जातं.

दुसरा छत्रपती संभाजीनगरकडून. नगरहून निघालात की जेऊर, इमामपूर घाट, घोडेगाव, वडाळा बहिरोबा, नेवासा फाटा, प्रवरासंगम, कायगाव टोका, मग वाळूज. वाळूजपासून शहरात घुसू नका. सोलापूर-धुळे महामार्ग पकडून करोडीवरून माळीवाड्याला समृद्धीवर चढा. शहरातून पलीकडे सावंगीलाही इंटरचेंज आहे, पण त्यासाठी संभाजीनगरचे सिग्नल खावे लागतात. नगर ते माळीवाडा साधारण १३० आणि तिथून नागपूर सव्वाचारशे ते साडेचारशेच्या मध्ये. हिशोबाला ४३५ धरू. एकूण ५६५ झाले.

सावेडीतल्या माणसाने दुसराच घ्यावा. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावचे लोक शिर्डीकडून जातील ते बरोबर आहे.

वाराचं एक बघा. शनिवारी घोडेगावला शिंगणापूरची गर्दी आणि शनी अमावस्या असेल तर विचारू नका. गुरुवारी तीच गोष्ट शिर्डीकडे. ऊस तोडणीचा सीझन, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, असेल तर नेवासा काय, राहुरी काय, रात्री रस्त्यावर ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागे लाइट असेलच असं नाही, रिफ्लेक्टरवर उसाचं वाढं लोंबत असतं. समोरच्या गाडीच्या अप्परमध्ये अशी ट्रॉली दिसते तेव्हा ती वीस-पंचवीस मीटरवर आलेली असते. त्यामुळे नगर ते वाळूज हा पट्टा उजेडात पार करायचा. हे जाताना सोपं असतं. येताना काय होतं ते पुढे सांगतो.

बुलेटवाल्यांचा प्रश्न दर वेळी येतो म्हणून आत्ताच सांगतो: समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकी चालत नाही. तुमच्यासाठी जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, वर्धा हा जुना रस्ता आहे. वेळ जास्त लागतो, पण चहा प्यायला गावं लागतात. खरं सांगायचं तर बाईकवर तोच रस्ता जास्त मजेचा आहे.

[०६:४०] सात तासांचं गणित

आता "सहा-सात तासांत पोचतो" हे तपासू. समृद्धीवर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० आहे. ४३५ भागिले १२०, उत्तर तीन तास सदतीस मिनिटं. हे लोकांच्या डोक्यात असतं. आता तेच १०० ने करा: चार तास एकवीस मिनिटं. म्हणजे पूर्ण समृद्धीभर १२० वर गाडी ताणून तुम्ही जास्तीत जास्त पाऊण तास वाचवला. एका जेवणाएवढा.

त्या पाऊण तासाची किंमत बघू. १२० चा वेग म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. पुढे काही आडवं आलं, ते डोळ्यांना दिसलं, मेंदूने ओळखलं आणि पाय ब्रेकवर गेला, याला जागं, ताजं माणूस दीड सेकंद घेतं असं धरा. तेवढ्यात ५० मीटर गेले, अजून ब्रेक लागलेला नाही. नंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने थांबायला आणखी ८० मीटर. एकूण १३०. हेच १०० च्या वेगाला ९८-१०० मीटर होतं आणि ८० च्या वेगाला सत्तर. वेग दीडपट झाला की टक्कर देणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. अकरावीच्या फिजिक्समधला वेगाचा वर्ग तो हाच. हवेचा अडथळाही त्याच वर्गाने वाढतो, म्हणून १२० ला गाडीचं ॲव्हरेज पडतं. हॅचबॅकमध्ये चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. पंपावर जाऊन स्वतः हिशोब करा, कंपनीचा आकडा विसरा.

त्यात लेन. समृद्धीवर ट्रकला ८० ची मर्यादा, तुम्ही १२० वर. एक ट्रक दुसऱ्याला ओव्हरटेक करायला उजवीकडे आला की तुमच्या समोर अचानक ताशी ४० किलोमीटर फरकाने जवळ येणारी भिंत उभी राहते. हे दिवसातून चार-पाचदा होतंच होतं.

तर खरा वेळ असा धरा. नगर ते माळीवाडा अडीच ते पावणेतीन तास. समृद्धी साडेचार. तिकडे शिवमडक्याला समृद्धी संपते, तिथून सीताबर्डीत हॉटेलवर पोचायला ट्रॅफिकप्रमाणे पाऊण-एक तास. हे झालं चाक फिरण्याचं, म्हणजे आठ तासांच्या आसपास. मॅपही तुम्हाला एवढंच दाखवतो, कारण त्याला गाडी चालू आहे एवढंच माहीत असतं. चहा, लघवी, पेट्रोल, हवा, "थांब ना फोटो काढू", यातलं त्याला काही माहीत नाही. चार माणसांच्या गाडीत हे दोन तास खातं. पहाटे साडेपाचला निघालात तर दुपारी साडेतीन-चार. आणि ही झाली चांगल्या दिवसाची गोष्ट.

[१०:०५] माणूस किती चालतो

गाडी सलग आठ तास चालते. माणूस चालतो का?

ज्यांचा हा धंदा आहे त्यांच्यासाठी कायदे काय म्हणतात बघा. आपल्याकडे २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. त्यात दिवसाला आठ तासांचं काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. युरोपात ट्रक-बसवाल्यांना साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांचा ब्रेक सक्तीचा आहे. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरला एका पाळीत जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं आणि त्याआधी सलग दहा तास ड्युटी नको. हे सगळे आकडे रोज गाडी चालवणाऱ्यांचे आहेत. आपण आठवडाभर लॅपटॉपसमोर बसणारे, महिन्यातून दोनदा पुणे-नगर करणारे. आपल्याला त्यांच्यापेक्षा कमी झेपतं, जास्त नाही.

समृद्धीवर तर वेगळाच त्रास आहे. रस्ता सरळ, सपाट, दोन्ही बाजूला कुंपण, गाव नाही, टपरी नाही, सिग्नल नाही. डोळ्यांना नवीन काही दिसत नाही आणि मेंदू हळूहळू स्टँडबायला जातो. याला 'महामार्ग संमोहन' म्हणतात. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे डुलकी. चार सेकंदांची डुलकी, १२० चा वेग, गुणाकार करा: १३३ मीटर. फुटबॉलच्या मैदानापेक्षा जास्त अंतर गाडी कुणीच चालवत नव्हतं.

दोन घटना सांगतो, मुद्दाम. १ जुलै २०२३, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला येणारी खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. १५ ऑक्टोबर २०२३, वैजापूरजवळ, सैलानीहून नाशिककडे परतणारा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळला, १२ जण गेले. दोन्हींची कारणं वेगवेगळी. पण दोन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे ती म्हणजे वेळ. दोन्ही मध्यरात्र उलटल्यावर, साडेबारा ते दीड-दोनच्या दरम्यान.

शरीराचं घड्याळ दिवसातून दोनदा खाली जातं. मध्यरात्रीनंतर ते पहाटे पाचपर्यंत सगळ्यात जोरात, आणि दुपारी दोन ते चारच्या मध्ये थोडं. त्यामुळे माझा नियम साधा आहे. रात्री बारा ते पाच समृद्धीवर असायचंच नाही, आणि दुपारी पोटभर जेवून लगेच स्टिअरिंगला बसायचं नाही. झोप आल्यावर काच खाली करणं, तोंडावर पाणी मारणं, गाणी मोठ्याने लावणं, यातलं काही टिकत नाही. अगदी आपला पॉडकास्टसुद्धा नाही, हे मी मालक असून सांगतोय. टिकतं ते एकच: थांबून वीस मिनिटं झोपणं. त्याआधी एक कप कॉफी किंवा कडक चहा घेतला तर तो चढायला वीसेक मिनिटं लागतातच, उठेपर्यंत काम सुरू झालेलं असतं.

आणि हे झोपणं समृद्धीच्या कडेला नाही. कडेची पट्टी बंद पडलेल्या गाडीसाठी आहे, सेल्फीसाठी नाही. पंपावर किंवा इंटरचेंजवरून बाहेर पडून थांबा. गाडी खरंच बंद पडली तर हॅझार्ड लाइट, मागे लांबवर त्रिकोण, आणि सगळी माणसं गाडीतून उतरून रेलिंगच्या पलीकडे. गाडीत बसून मेकॅनिकची वाट बघायची नाही.

[१४:३०] मग शुक्रवार ते सोमवार कसं बसवायचं

आता त्या मेसेजकडे परत. त्याचा मूळ प्लॅन मी कागदावर मांडला. शुक्रवारी नागपूर, शनिवारी फिरणं, रविवारी सकाळी उरलेलं फिरणं, सावजी जेवण, आणि "दुपारी निघू आरामात". चारला निघालात. शिवमडक्यापर्यंत यायला पाच. मध्ये जेवण धरून माळीवाड्याला साडेदहा. नगरला रात्री एक. एक मित्र नगरला उतरला, बाकीचे गाडीत झोपलेत. आता पुण्यापर्यंत अजून १२० किलोमीटर, सुपा आणि रांजणगावच्या कंटेनरांमधून, रात्री एक ते चार. सकाळपासून जागा असलेला एकच ड्रायव्हर, निघून नऊ तास झालेले. जिथं सगळ्यात जास्त जागं राहायला लागतं तो रस्ता सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वाईट वेळेला.

जाताना सगळे उत्साहात असतात, जाण्याचा प्लॅन कुणीही करतो. म्हणून उलटं करा. सोमवारी नऊला ऑफिस आहे तर रविवारी रात्री नऊला घरात असायला हवं. मग नगर संध्याकाळी सहापर्यंत. मग माळीवाडा साडेतीन. मग नागपूर सकाळी आठला, फार तर साडेआठला, सोडायला हवं. म्हणजे रविवार हा फिरण्याचा दिवस नाहीच, तो परतीचा दिवस आहे. हे एकदा मान्य केलं की उरलेलं आपोआप बसतं: तुमच्याकडे फिरायला खरं तर शुक्रवार आणि शनिवार एवढेच आहेत. किंवा सोमवारची सुट्टी टाका. मला विचाराल तर सुट्टी टाका.

सुट्टी टाकली तर मी असा प्लॅन करीन. शुक्रवारी पहाटे साडेपाचला नगर सोडा. नेवासा फाट्याला चहा. ज्ञानेश्वरीचं नेवासं इथून आत आहे, वेळ असेल तर पैस खांबाचं दर्शन घ्या. माळीवाड्याला चढायच्या आधी टाकी फुल करा. समृद्धीवर पंप आहेत, पण पाहिजे तेव्हा समोर येईल असा भरवसा ठेवून चढू नये. वर चढल्यावर जालन्याच्या पुढे सिंदखेडराजाला उतरा, लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. १२ जानेवारीला जयंती असते, त्या दिवशी गर्दीची तयारी ठेवा. परत चढा आणि मेहकरला उतरा. तिथून लोणार पंचवीसेक किलोमीटर. हे नगर-नागपूरच्या जवळपास मध्यावर पडतं आणि मुक्काम इथंच करायचा.

लोणारबद्दल दोन मिनिटं, कारण लोक काठावरून फोटो काढून निघून जातात. बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेलं विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं आणि खारात वाढणारे सूक्ष्मजीव कारण निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. खाली उतरायला आणि चढायला दम लागतो, म्हणून दुपारी चारच्या आत उतरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका, बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम सावकाश बघा. एमटीडीसीचं निवासस्थान आहे, शनिवार-रविवारी आधी बुक करा.

शनिवारी सकाळी लोणार सोडलं की नागपूर तीनशेच्या थोडं वर राहतं. वाटेत वर्ध्याच्या इंटरचेंजला, येळाकेळीला, उतरून सेवाग्राम. गांधीजी इथं १९३६ पासून राहिले. बापू कुटी बघायला अर्धा तास पुरतो, पण तिथल्या सावलीत बसलात की तास जातो. संध्याकाळी नागपूर. रविवार पूर्ण नागपूर, सोमवारी सकाळी परत. एका दिवसात तीनशे किलोमीटर म्हणजे ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीही तुमच्याशी नीट बोलतो.

नागपूरला जायची तारीख बघून घ्या. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा बरी हॉटेलं भरलेली आणि जी मिळतात ती महाग. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. १४ ऑक्टोबर १९५६ चं ते स्थळ बघायचं असेल आणि शांतपणे बघायचं असेल तर दुसरी तारीख निवडा, गर्दीचाच अनुभव घ्यायचा असेल तर मुक्कामाची सोय कित्येक आठवडे आधी करा. मे महिन्यात जाऊ नका. पारा ४५ च्या आसपास असतो आणि तापलेल्या काँक्रीटवर टायरची परीक्षा होते.

[१९:५०] टायर, टोल, कागद

टायरचं थोडं लांबवतो, कारण समृद्धीसाठी गाडीत हीच गोष्ट मी सगळ्यात आधी बघतो. टायर फुटायचं मुख्य कारण हवा जास्त असणं हे लोकांना वाटतं. बहुतेक वेळा उलटं असतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते, त्यातून उष्णता तयार होते. शहरात ३० च्या वेगाने ती निघून जाते. १०० च्या वर तासभर चाललात की ती साठत जाते आणि एका क्षणी टायरचे थर सुटतात. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला स्टिकर असतं, त्यावर दोन माणसांसाठीचा आणि पूर्ण भारासाठीचा आकडा वेगळा दिलेला असतो. तुम्ही चौघं आणि सामान, तर पूर्ण भाराचा. आणि हवा गाडी थंड असताना बघायची, पन्नास किलोमीटर पळवून नाही.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. समजा २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसतेय पण रबर सहा-सात वर्षांचं असेल तर या ट्रिपला नको. स्टेपनीची हवा कुणीच बघत नाही. बघा.

टोल. समृद्धीवर कारला १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २.०६ रुपये. ४३५ ला गुणा, साधारण नऊशे होतात. बाहेर पडताना फास्टॅगवरून कटतात. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १५ ऑगस्ट २०२५ पासून तीन हजारांचा जो वार्षिक फास्टॅग पास आला, २०० फेऱ्यांचा, तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. समृद्धी एमएसआरडीसीची, म्हणजे राज्याची. पास असला तरी इथं खात्यात पैसे लागतात. तसंच १०३३ हा हेल्पलाइन नंबर राष्ट्रीय महामार्गांचा आहे. समृद्धीवर चढताना फलकावर तिथला मदतीचा नंबर असतो, शेजारी बसलेल्याने तो सेव्ह करायचा. काहीच सुचलं नाही तर ११२, ॲम्ब्युलन्सला १०८.

खर्चाचं झटपट. जाऊन-येऊन आणि लोणार, सेवाग्रामसह साडेबाराशे किलोमीटर धरा. ॲव्हरेज १५ धरलं तर ८३ लिटर, लिटरला १०५ धरून पावणेनऊ हजार. टोल सगळे मिळून दोन-सव्वादोन हजार. चौघांत माणशी पावणेतीन हजार. राहणं-खाणं वेगळं. आणि जो गाडी चालवतो त्याच्याकडून पेट्रोलचे पैसे घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, बाकी तुमची दोस्ती.

कागद डिजिलॉकरमध्ये चालतात: लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. मित्राच्या मित्राची पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी पैसे देऊन नेत असाल तर थांबा. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. खासगी गाडी भाड्याने फिरवली आणि काही झालं तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते.

मागे बसणाऱ्यांनो, बेल्ट तुम्हालाही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता अशी माहिती पुढे आली होती आणि ते दोघंही गेले. गाडी महागडी होती.

[२४:१५] शेजारच्या सीटवरचा माणूस

रोड ट्रिप हा शब्द आपल्याकडे अमेरिकेतून आला. तिथं रूट ६६ वर पिढ्या फिरल्यात, १९२६ पासून, शिकागो ते सांता मोनिका, जवळपास चार हजार किलोमीटर. तिथल्या मोठ्या रस्त्यांवर एक्झिटच्या आधी निळे फलक असतात: पुढे पेट्रोल कुठलं, जेवण कुठलं, राहायला काय. त्यामुळे तिथले व्हिडिओ बघून वाटतं की प्लॅन न करता निघण्यातच मजा आहे. तिथं फलकांनी अर्धा प्लॅन करून ठेवलेला असतो. आपल्याकडे ते काम शेजारच्या सीटवरच्या माणसाने करायचं.

त्यामुळे ज्यांना गाडी चालवता येत नाही त्या तिघांना सुट्टी नाही. पुढे बसणारा झोपणार नाही, हा पहिला नियम. मॅप, फास्टॅगचा बॅलन्स, पुढचा थांबा, फोन, गाणी, सगळं त्याच्याकडे. बुलढाणा-वाशिमच्या पट्ट्यात नेटवर्क मध्येच जातं, तर घरच्या वायफायवर ऑफलाइन मॅप आणि एपिसोड उतरवून घ्या. दर दीड-दोन तासांनी थांबायचं हे ड्रायव्हरला विचारून नाही, घड्याळ बघून. ड्रायव्हरला विचारलं तर तो "अजून चाललंय" असंच म्हणणार, दमलेल्या माणसाला आपण किती दमलोय ते कळत नाही. थांब्याला दर वेळी पुढचा माणूस बदला, म्हणजे गप्पा ताज्या राहतात.

आणि "दोस्ता, आज इथंच राहू" हे म्हणायचा अधिकार गाडीतल्या प्रत्येकाला. त्यावर चर्चा नाही, मतदान नाही. जालन्यात एक रात्र लॉजवर काढायला दीड-दोन हजार जातील. निघायच्या आधीच ते पैसे बाजूला काढून ठेवा, म्हणजे वेळ आल्यावर कुणी कंजूसपणा करणार नाही.

खाण्याचं राहिलं. जाताना नागपूरमध्ये सकाळी तर्री पोहे, बिनधास्त. सावजी रात्री खा, निघायच्या दिवशी दुपारी नाही. झणझणीत रस्सा आणि चार भाकरी झाल्यावर दोन वाजता समृद्धीवर चढणं म्हणजे झोपेला आमंत्रण देणं. संभाजीनगरच्या नानखलियाचंही तेच, तो येताना मुक्काम असेल तरच. संत्रा बर्फी डब्यात येते, ती घरच्यांसाठी घ्या. संत्री घ्यायची तर सोमवारी सकाळी निघताना घ्या, आदल्या दिवशी घेऊन गाडीत कोंडून ठेवू नका. आणि पिशवी मागच्या काचेखालच्या फळीवर नको, जोरात ब्रेक मारला तर सगळी संत्री पुढे येतात. डिकीत, सामानाच्या वर.